मडावीताई आणि डब्याची ओळख

मडावीताई रिकाम्या खिडकीपुढेसुद्धा रांगेत उभ्या राहायच्या. पोस्टात खिडकीशी कोणी नुसताच कोपर टेकून गप्पा मारत असला, तरी ताई त्याच्या मागे दोन हातांवर, पिशवी पोटाशी धरून. "ताई, तो काही घेत नाहीये, व्हा पुढे," म्हटलं की म्हणायच्या, "घेन तो. त्याच्या मनात असन काई."

आम्ही दोघं वर्ध्याच्या एका रक्तकेंद्रात कामाला होतो. केंद्र एका संस्थेचं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष कमी आणि माझा जास्त आहे, उगाच तिला कशाला ओढा. दारावरच्या पाटीवर मी 'सिस्टम अधिकारी' होतो. ताई कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. म्हणजे सिस्टम बिघडली की लोक माझ्याकडे यायचे, मी ताईंकडे जायचो, ताई दुरुस्त करायच्या आणि मी खोलीबाहेर येऊन 'झालं' म्हणायचो. सहा वर्षं ही व्यवस्था उत्तम चालली. पहिल्याच आठवड्यात मी सर्व्हरच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली आत ठेवली. ताईंनी मागची फळी चार स्क्रू काढून सोडवली, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "असू द्या, ढोबळेभाऊ. कुलूप मजबूत आहे हे तं कळलं."

पन्नाशीच्या आसपासच्या, सडपातळ, सुती साडी, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. शिक्षण बीएस्सी. बाकीचं सगळं त्या सेलूहून येणाऱ्या एसटीत शिकल्या. सर्व्हर ज्या लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात तिचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्याची पानंच्या पानं जुन्या अहवालांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापून घ्यायच्या आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पोथीसारखी वाचायच्या. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय वाचून राह्यल्या, बाई? कोनतं स्तोत्र?" ताई म्हणाल्या, "स्तोत्रच आहे. फळ कदी भेटन सांगता येत नाई."

संगणकाला एखादी आज्ञा दिली की त्या दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या. यंत्र कितीही वेळ घेवो, पुन्हा बोट लावायच्या नाहीत. "आता त्याची पाळी." मी दर दोन सेकंदांनी एंटर दाबणारा माणूस, मला ते बघवायचं नाही. आईचा फोन आला की गोंडीत बोलायच्या. त्यातलं मला काही कळायचं नाही, फक्त मधूनच 'सर्व्हर' आणि 'पासवर्ड' हे शब्द नदीतल्या दगडासारखे वर यायचे.

आता डब्याबद्दल सांगायला हवं, कारण ताईंचं आयुष्य शेवटी त्या डब्यापाशी येऊन अडकलं.

आमच्याकडे रक्त जुळवायचं एक जुनं यंत्र होतं आणि त्याला जोडलेला, जाड पुस्तकाएवढा एक करडा संगणक. त्याला सगळे डबा म्हणत. आमच्याकडच्या सिकलसेलच्या पेशंटांची वर्षानुवर्षांची नोंद त्या डब्यात. रक्तगट कार्डावरही असतो, तो प्रश्न नव्हता. ज्यांना वारंवार रक्त चढतं, त्यांचं अंग काही रक्तांवर रुसतं. गट जुळला तरी रुसतं. आणि यातली खोड अशी की काही वर्षांनी हा रुसवा तपासणीत दिसेनासा होतो. तपासणी विसरते, अंग विसरत नाही. पुन्हा तसलंच रक्त चढलं, तर आठ-दहा दिवसांत अंग ते फोडून टाकतं, कधी त्याच्यासोबत स्वतःचंही. मग माणूस वाचेल याची खात्री नसते. म्हणून कोणाचं अंग कधीकाळी कशावर रुसलं होतं ही जुनी नोंद पाहिल्याशिवाय पिशवी लावायची नाही, असा आमच्याकडे नियम होता. नोंद फक्त डब्यात. कागदी रजिस्टरं उधईनं केव्हाच खाल्ली होती.

त्या पेशंटांत ताईंची धाकटी बहीण रेखा होती. वय तिशीच्या पुढे, घरी ब्लाऊज शिवायची, आणि माझी टर उडवणं हा तिचा जोडधंदा. रक्त घ्यायला आली की पलंगावरूनच, "काय सिस्टमभाऊ, आज कोनत्या कपाटात किल्ली ठेवली?" तिच्या अंगाचे रुसवे बरेच होते, एवढं ताईंना ठाऊक होतं. नेमके कोणते ते डब्याला.

डबा बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला होता. डब्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. नवा सर्व्हर आला होता, तेव्हा साधा उपाय असा की त्याच्या पोटात एक लटका, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा, संगणक उभा करायचा आणि डब्यातलं सगळं त्यात चालवायचं. डब्याच्या डिस्कची प्रत ताईंनी काढलीही. लटका संगणक उभा राहिला, डब्यातला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, सुरू झाला आणि पडद्यावर एकच ओळ आली: ओळख पटली नाही.

ताईंनी मला समजावलं ते असं. प्रत्येक प्रोसेसरच्या आत काही कायमचे खण असतात. एकात कारखाना आणि मॉडेल, दुसऱ्यात कितवी सुधारणा, तिसऱ्यात कारखान्यानं स्वतःपुरता घातलेला एक लांबलचक आकडा. डब्याचा कार्यक्रम सुरू होतानाच ते तिन्ही खण वाचायचा आणि त्यातूनच नोंदींच्या कुलपाची किल्ली घडवायचा. लटक्या संगणकात त्यानं "मी कोणत्या प्रोसेसरवर आहे?" विचारलं की कर्नल मध्ये पडून खरं उत्तर द्यायचा, म्हणजे नव्या सर्व्हरचं.

"मंग खोटं सांगा त्याला," मी म्हटलं.

"तेच तं. मले सांगू देत नाई. तो लटका मी उभा केला, मी चालवून राह्यली, पन त्याची ओळख ठरवाचा हक्क मले नाई. कर्नल म्हन्ते, मीच सांगन, आन् खरंच सांगन."

"फारच प्रामाणिक."

"प्रामानिकपना चांगलाच आहे, भाऊ. पन जो यंत्र उभं करते, त्यालेच ठरवू द्या न त्याले काय सांगाचं."

आणि या बाईनं कर्नलमध्येच तशी सोय लिहायला घेतली. चालवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ते खण भरता यावेत, म्हणून. जेवणाच्या सुट्टीत, एसटीत, रेखाच्या उशाशी बसून. चार महिन्यांनी काम झालं. पण घरी बदललेला कर्नल सर्व्हरवर चढवायला संस्थेची परवानगी नव्हती, मूळ कर्नलमध्येच ती सोय यायला हवी होती; म्हणून ते जगभरच्या कर्नलवाल्यांच्या ईमेलच्या टपालयादीवर पाठवायचं होतं, तेव्हा ताई म्हणाल्या, "इंग्रजी तुमी पाहा."

माझं इंग्रजी बदलीच्या अर्जांवर पोसलेलं. मी 'सविनय निवेदन'पासून सुरुवात केली, ताईंची सेवाज्येष्ठता लिहिली, 'या बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' अशी विनंती केली, मजकूर वर्डच्या फाइलीत घातला आणि केंद्राचा गोल शिक्का मारून, स्कॅन करून जोडला. परदेशातल्या कोणा गृहस्थाचं दोन ओळींचं उत्तर आलं: कृपया साध्या मजकुरात पाठवा, आणि तो जांभळा गोल काय आहे?

ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "भाऊ, तुमी कलेक्टरले अर्ज केला."

दुसऱ्या खेपेला त्यांनीच पाठवलं. या वेळी त्याच गृहस्थानं मोठं उत्तर लिहिलं. प्रत्येक प्रोसेसरला जन्मजात खोडी असतात, आतली प्रणाली ओळख बघून त्या खोडींवरचे उपाय लावते; खोटी ओळख सांगितली तर उपाय चुकतील आणि यंत्र मध्येच कोसळेल. मी चिडलो. मी म्हटलं, या लोकांना आपल्या पेशंटांचं काय. ताईंनी ते पत्र छापलं, ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. म्हणाल्या, "बरोबर आहे त्याईचं. हे मी पायलंच नव्हतं." आणि पुन्हा लिहायला बसल्या. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी कोणाचंच उत्तर आलं नाही. त्यांनी आठवण करून देणारं पत्रही लिहिलं नाही. "त्याईच्याकडं गर्दी असन."

तोवर हातानं नोंदी उतरवून घ्यायचं चालू होतं. डब्याचा कार्यक्रम एका वेळी एकच पेशंट पडद्यावर दाखवायचा, छापून द्यायचा नाही. साहेबांच्या, म्हणजे आमच्या डॉक्टरसाहेबांच्या परवानगीनं ताई रोज काम संपल्यावर तीन-चार पेशंट वहीत उतरवायच्या. नोंदणी क्रमांकानं. एकपासून.

"ताई, रेखाचं आधी घ्या न उतरवून," मी एकदा सोडून दहादा म्हटलं.

"येईन तिचा नंबर."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"सगळ्याईचंच दोन मिनिटाचं आहे."

मी हे हट्टीपण समजायचो. मग एकदा सेलूच्या एसटीत त्यांनी आपणहून सांगितलं. रेखा चार वर्षांची असताना आई दोघींना घेऊन कुठल्याशा दवाखान्यात पहाटेपासून रांगेत होती. रेखाची हाडं दुखून ती फरशीवर लोळत होती. यांचा नंबर आला आणि कोणीतरी वजनदार माणूस आपलं मूल घेऊन सरळ आत गेला. आईला मागे सारलं. "त्या मानसाचंई लेकरू बिमारच होतं, भाऊ. खोटं कशाले बोलू. त्याचा राग नाई आला मले. पन माय जशी मांगं झाली न, मुकाट्यानं, ते नाई विसरत मी. आता मी त्या वहीत एकाले जरी मांगं केलं, तं त्याची माय मले दिसन."

 मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि सेलू आल्यावर उतरताना त्यांचाच डबा घेऊन उतरलो, जेवणाचा. माझं तिकीट पुढचं होतं.

वहीला उशीर लागणार हे साहेबांनाही दिसत होतं. शेवटी त्यांनी एक गोष्ट मान्य केली. डबा चालू असतानाच त्याच्या गाभ्यात कार्यक्रमाचा एक छोटा तुकडा चढवून ते तीन खण वाचून घ्यायचे. पहिले दोन आकडे जुन्या माहितीपुस्तकात छापलेले होते, तिसरा कुठेच नव्हता. पण तुकडा चढवताना डबा अडकला तर? म्हणून साहेबांनी दसऱ्याचा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी काम कमी, दोन तास हात लावा. तिसरा आकडा एकदा कागदावर आला, की मग आज ना उद्या लटक्याला तो सांगायची वाट निघेलच, असा ताईंचा हिशेब. त्यांनी तोवर डब्यावर एक कागद चिकटवला: 'बंद करू नये.' आणि नवमीला त्या रेखाला घेऊन गावी गेल्या.

आता माझी पाळी.

माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. खंडेनवमीला पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचे, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. "वर्षभर राबते ते. हत्याराले एक दिवस झोप पायजे," म्हणायचे. तो संस्कार माझ्यात फार खोल गेलेला. कामाचे कुठलेच संस्कार एवढे खोल गेले नाहीत. मी केंद्रात झेंडूचे हार आणले. सेंट्रिफ्यूज, फ्रीज, प्रिंटर, सगळ्यांची पूजा केली. चालू राहायला हवं ते चालू ठेवलं, एवढी अक्कल होती. मग डब्यापाशी आलो. तो कागद हाराखाली वाईट दिसत होता. मी तो अलगद सोडवला, ताईंचं अक्षर म्हणून घडी घालून खणात ठेवला. पंखा घरघरत होता. किती वर्षं हा एका क्षणाचीही विश्रांती न घेता चालतोय, असं मनात आलं आणि मला, शप्पथ सांगतो, भरून आलं. रात्रपाळीच्या पोरीनं पेशंटांचं काम नाही म्हणून सांगितलं होतंच. मी कुंकू लावलं, हात जोडले आणि डबा निजवला.

दसऱ्याला ताई सकाळीच आल्या. मी दारातच आपट्याची पानं हातात देऊन म्हणालो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

त्यांनी पानं घेतली. मग थबकल्या. पंख्याचा आवाज येत नव्हता.

"हे बंद आहे काय?"

"काल निजवलं. हत्याराला एक दिवस..." इथपर्यंत बोललो आणि माझ्याच तोंडातून ते ऐकताना मला कळलं.

ताईंनी हार उतरवला, बाजूला ठेवला, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. पंख्यानं एक फेरी घेतली. मग थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी फेरीही नाही.

"तो कागद कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"खणात. जपून ठेवलाय."

"बरं केलं."

नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं आठ दिवसांनी सांगितलं, बोर्ड जळाला, प्रोसेसरही गेला. साहेबांना ताईंनी 'डबा बंद पडला' एवढंच सांगितलं. कोणी बंद केला हे नाही. मी सांगणार होतो. अजूनही सांगणार आहे.

वही तीनशे बारावर थांबली होती. रेखाचा नंबर चारशे सहा.

रेखाला मी हे सांगितलं तेव्हा ती मशीनवर बसली होती. तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "म्हंजे महिनाभरात आलाच असता माया नंबर," ती म्हणाली. "मी ताईले म्हनतच होती, तू मले रांगेत उभी करूनच मारशीन." आणि हसली. मीही हसलो, तेवढंच मला जमतं.

तसंच दुसरं यंत्र कुठे असेल म्हणून ताईंनी पत्रं पाठवली. एका ठिकाणी ते भंगारात गेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी सापडलं, ताई स्वतः जाऊन आकडा वाचून आल्या, पण ती आवृत्ती वेगळी होती, आकडा वेगळा.

आणि मग उन्हाळ्यात एका दुपारी ताईंनी मला बोलावून पडदा दाखवला. कर्नलमध्ये ती सोय आली होती. ताईंची नव्हे, दुसऱ्या कोणाची. मोठ्या कंपन्यांना चालते लटके संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना ओळख बदलून चालत नव्हती, म्हणून त्यांनी मागून घेतलेली. पण होती अगदी तीच. चालवणाऱ्यानं खण भरावेत, कर्नल आड येणार नाही.

"चांगलं लिवलं आहे," ताई म्हणाल्या. "माह्यापेक्षा साफ."

"म्हणजे आता लटक्याला काहीही सांगता येतं?"

"हाव. जे म्हनान ते."

"मग सांगा न."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "काय सांगू, भाऊ?" त्या म्हणाल्या.

पहिले दोन खण त्यांनी माहितीपुस्तकावरून भरले. तिसऱ्यात शून्य घातलं. ओळख पटली नाही. एक घातला. ओळख पटली नाही. मग त्यांनी दर खेपेला आकडा बदलणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि तो रात्रंदिवस चालू ठेवला. असे आकडे एकूण किती होतील, मी विचारलं. त्यांनी हिशेब करून सांगितला. मी म्हटलं, म्हणजे किती दिवस? त्या म्हणाल्या, "सूर्य विझन, भाऊ, तोवर." तरी रोज सकाळी आल्या की आधी पडदा बघायच्या.

नोंद नाही म्हणून तोवर रेखाला रक्त देणं लांबवत आणलं होतं; श्रावणात तिचं रक्त फार उतरलं. तिला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. तिथले डॉक्टर तरुण, भले. त्यांनी ताईंना समोर बसवून सगळं सांगितलं. तपासणीत काही दिसत नाही. पण जुनी नोंद असेल तर द्या. ताई म्हणाल्या, "आहे. उघडत नाई." रक्त न देऊन चालणार नव्हतं. दिलं आणि अंग रुसलं, तर आठवड्याभरात लघवीचा रंग काळपट होईल, मग आमच्या हातात फार राहत नाही, असंही त्यांनी सांगितलं. ताईंनी मान डोलावली आणि सहीच्या जागी सही केली.

पिशवी लागली तेव्हा मी तिथेच होतो. रेखा म्हणाली, "सिस्टमभाऊ, याची तरी पूजा करू नका."

पुढचे दिवस ताई सुट्टी टाकून तिथेच राहिल्या. मी रोज सकाळी जायचो, जेवणाचा डबा घेऊन. चौथ्या दिवशी रेखा उठून बसली होती, नर्सच्या ब्लाऊजचं माप चुकलंय म्हणून तिला सुनावत होती. पाचव्या दिवशीही बरी होती. सहाव्या दिवशी तर मी येताना पेढे घेतले, आणि ते एसटीतच विसरलो.

सातव्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या व्हरांड्यात ताई पाठमोऱ्या उभ्या दिसल्या. जाळीच्या खिडकीतून ऊन येत होतं. त्यांनी हातातली तपासणीची काचेची बाटली उन्हात धरली होती आणि चष्मा कपाळावर सारून बघत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा मलाही दिसलं. कोऱ्या चहासारखं, त्याहून गडद. ऊन त्यातून पलीकडे येत नव्हतं.

माझी चाहूल लागताच त्यांनी बाटली पदराखाली घेतली. आत रेखा जागी होती, तिचा आवाज येत होता, "ताई, कोन आलं?"

"ढोबळेभाऊ," ताई म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात. मग माझ्याकडे वळून हळूच, "आत जा तुमी. तिच्याशी बोलत राहा. हसवा तिले. मी डॉक्टरले पायते."

आणि त्या पदर सांभाळत, भराभर, जवळजवळ धावतच व्हरांड्यातून गेल्या.